एकतीस चालींची मात

आमच्या घरच्या बुद्धिबळात काळ्यांचा एक घोडा नाही. त्याच्या जागी जनावरांच्या लसीच्या बाटलीचं करडं रबरी बूच असतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळं बुचांना घरात तोटा नव्हता. बाकीच्या मोहऱ्या सुतारानं बाभळीच्या लाकडाच्या करून दिलेल्या. त्या पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून एकेक करून सापडल्या, घोडा तेवढा सापडला नाही.

रोज चारचा चहा झाला की अण्णा पट मांडतात. पटावर सातच मोहऱ्या. खालच्या कोपऱ्यात पांढरा राजा, त्याला चिकटून हत्ती, पुढ्यात दोन प्यादी आणि पटाच्या मध्यावर उंट. दोन प्याद्यांपैकी एकाच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. समोर काळा राजा आणि ते बूच. पांढरे अण्णांचे, काळे चाचांचे. चाचांना जाऊन तीस वर्षांच्या वर झाली, तरी काळे अजून त्यांचेच आहेत. मी एकदा सहज बूच उचलून चाल करायला गेले तर अण्णांनी माझा हात धरला होता. जोरात धरला होता.

चाचा लोहाऱ्याचे टेलर. आठवड्यातून एकदा आमच्या गावी, सास्तूरला यायचे, शिवलेले कपडे द्यायचे, नवी मापं घ्यायचे आणि उरलेला वेळ आमच्या घरी अण्णांबरोबर पटावर काढायचे. अण्णा कंपाउंडर असून गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं, चाचाही डॉक्टरच म्हणायचे. अण्णा त्यांना मास्टर म्हणायचे. दोघांत मास्टरच वरचढ होते. अण्णा दहातले सात डाव हरायचे आणि उरलेल्या तीन डावांचं कौतुक आईला आठवडाभर ऐकावं लागायचं.

ते खेळायचे ते जुन्या रीतीनं. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकायचं. सगळ्यांत मानाची मात प्याद्याची. आणि कुठल्या प्याद्यानं, किती चालींत मात देणार हे आधीच जाहीर करून, त्या प्याद्याला खूण बांधून ती दिली, तर मग त्या माणसाची ऐट आठवडाभर उतरत नसे. शिवाय बुर्जी होती. समोरच्याच्या सगळ्या मोहऱ्या मारून त्याचा राजा एकटा पाडला की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरीत. म्हणून जिंकणाऱ्यानं समोरच्याची शेवटची मोहरी जिवापाड जपायची, आणि हरणाऱ्यानं ती मारून घ्यायला धडपडायचं. हरणाऱ्याचा घोडा शत्रूच्या तोंडापुढं जाऊन उभा राहतो, मार म्हणतो, आणि जिंकणारा आपला बाजूला होतो. लहानपणी मला याचं फार हसू यायचं.

त्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. मी सात वर्षांची होते. लेझीमच्या पोरांचे नवे सदरे घेऊन चाचा आले होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. अण्णांनी मला उंबऱ्यावर बसवलं होतं. “रस्त्याकडं बघत ऱ्हा. गाडी दिसली की सांग.” मागं दोघांचा डाव चालू होता. अण्णांनी एक चाल केली, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, “मास्टर, एकतीस चाली. ह्या प्याद्यानं मात.”

“एकतीस?” चाचा म्हणाले. “डॉक्टर, मोजता येतं का एकतीसपर्यंत?”

अण्णांनी खूण बांधायला दोरा मागितला. चाचांच्या खिशात दोऱ्याची रिळं असायचीच, त्यांनी लाल दोरा दातानं तोडून दिला. तेवढ्यात मला वळणावर गाडी दिसली आणि मी मागं वळून ओरडले. आई म्हणाली, “भावजी, उठा, गाडी जाईल.” चाचा उठले नाहीत. “जाऊ द्या गाडी,” ते म्हणाले, “एकतीस चाली बघितल्याबिगर जात नसतो मी.” मिरवणूक निघायची वेळ झाली होती, म्हणून डाव सकाळी पुरा करायचं ठरलं. पट तसाच कोनाड्यात उचलून ठेवला. पाहुण्याला अंगणात कसं झोपवायचं म्हणून अण्णांनीच त्यांची गादी माजघरात घालायला लावली. आम्ही तिघं अंगणात झोपलो.

पहाटे भूकंप झाला. दगडाच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. एरवी माजघरात आम्ही झोपायचो. त्या दिवशी आमच्या जागी चाचा होते, म्हणून आम्ही राहिलो. हे मी सरळ लिहून टाकते, कारण आमच्या घरात हे वाक्य कुणी कधी तोंडातून काढलं नाही. अण्णा लोहाऱ्याला चाचांच्या घरी एकदाच गेले.

नवं सास्तूर वसलं. रुंद रस्ते, ओळीनं घरं, पत्ता सांगायला सोपं. जुन्या गावात आता बाभळी माजल्या आहेत, तिकडं शेळ्या चरायला जातात. दिवाळीत तेरखेड्याचे सुतळी बॉम्ब वाजायला लागले की अण्णा अजून घराबाहेर येऊन उभे राहतात, आणि आम्ही कुणी त्यांना आत चला म्हणत नाही. नव्या घरात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बूच शोधून पट मांडला. मग वह्या सुरू झाल्या. दवाखान्यातल्या जुन्या नोंदवह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर चाली. पांढऱ्याची पहिली चाल ही, मग काळ्याच्या पाच शक्यता, प्रत्येकीला पुढं पाच. वह्यांनी एक पत्र्याची पेटी भरली. त्या पेटीचा मला लहानपणापासून राग होता. कुणी मेलेल्या माणसाबरोबर रोज खेळत असेल तर घरातल्या जिवंत माणसांनी काय करायचं?

आई गेल्यावर एकदा मी त्यांना हे तोंडावर विचारलं. माझी जीभ तिखट आहे, शाळेतही पोरं मला टरकून असतात.

“म्या मात म्हनलो म्हणून राह्यला तो,” अण्णा म्हणाले. “मला तवा धा-बारा चालीच दिसल्या होत्या. म्होरचं असंलच, असं वाटलं. एकतीस हा आकडा आपला तोंडाला आला. आता मात खरी निघाली तर निदान खोट्या शब्दानं त्याला ठिवलं न्हाय, एवढं तरी.”

त्यानंतर मी पेटीचा राग करणं सोडलं. उलट पेटी माझ्याच डोक्यावर बसली.

मी लोहाऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवते. रोज जीपनं जाते-येते. मोबाइल हातात आला तेव्हा मला कळलं, की सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळेच्या सगळे डाव संगणकानं सोडवून ठेवले आहेत. कुठलीही सात मोहऱ्यांची मांडणी द्या, तो तिथल्या तिथं सांगतो, मात आहे की बरोबरी, आणि मात असेल तर किती चालींत. त्यातली सगळ्यांत लांब मात पाचशे एकोणपन्नास चालींची आहे. ती मी एका रविवारी सगळी बघितली. शेकडो चाली राजा इकडून तिकडं जातो, वजीर उगाच एक घर सरकतो, कुणालाच कशाचा अर्थ लागत नाही, आणि तरी काळ्याची सुटका पहिल्या चालीपासूनच संपलेली असते. माणसं कागदावर कोडी रचत तीनशे चालींच्या जवळपास पोचली होती, पण त्या कोड्यांत रचणाऱ्याची काही युक्ती तरी कळते. ह्या मशीनच्या मातेत काहीच कळत नाही. बघताना मला एकदम अंगणात झोपलेले आम्ही तिघं आठवलो आणि मी मोबाइल पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांची मांडणी त्यात भरली. उत्तर आलं, मात, चौदा चाली.

मी जीपमधून उतरले ती जवळजवळ पळतच घरी आले. “अण्णा, मात आहे. खरी आहे. चौदा चालींतच आहे.” अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की तेवढ्यासाठी मी पाच वर्षंसुद्धा शोधलं असतं. त्या दिवशी त्यांनी भाकरी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर म्हणाले, “दाव बरं.” मी मोबाइलवर एकेक चाल दाखवत गेले. चौथ्या चालीला उंटानं घोडा मारला.

“घोडा मारला?” अण्णा म्हणाले. “मग बुर्जी झाली की.”

गणित शिकवणारी बाई मी, आणि नियम कुठले ते विचारायचं विसरले होते. चूक माझी होती, पण राग मी त्यांच्यावर काढला. “कोण खेळतं आता बुर्जी? जगानं कधीच सोडली ती.”

“तो खेळत हुता,” अण्णा म्हणाले आणि बूच उचलून जागेवर ठेवलं.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी ठरवलं, की बुर्जी कळणारा प्रोग्रॅम मी स्वतःच लिहायचा. मला येत होतं ते आठवीच्या पोरांना शिकवण्यापुरतं. बाकीचं व्हिडिओ बघून शिकले. सगळे डाव माझ्या लॅपटॉपला झेपणारे नव्हते, पण ह्या एका मांडणीतून फुटणाऱ्या वाटा झेपण्यासारख्या होत्या. संगणकानं सोडवून ठेवलेल्या डावांच्या त्या मोठ्या तक्त्यांची रीत अशी असते, की डाव पुढून खेळायचाच नाही. जिथं राजा मेलेला आहे तिथून सुरुवात करायची. मग विचारायचं, इथं येण्याआधी एक चाल कुठं होतो? त्याच्या आधी कुठं? असं मागं मागं चालत यायचं.

ही रीत मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमचं घर तीस वर्षं तेच करत होतं. माळवद पडलं. त्याच्या आधी, आत गादी घातली. त्याच्या आधी, गाडी गेली. त्याच्या आधी, मी उंबऱ्यावरून ओरडले. त्याच्या आधी, अण्णा मात म्हणाले. मी गाडी बघायला दोन मिनिटं उशीर केला होता का, हे माझं खातं. ते मी अण्णांनाही दाखवलेलं नाही.

अकरा दिवस लॅपटॉप चालू होता. लाइट गेली की जीव टांगणीला. बाराव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. घोडा न मारता, दोरा बांधलेल्याच प्याद्यानं मात, एकोणतीस चाली. अण्णांनी दोन जास्तच सांगितल्या होत्या.

मी रडले. न बघता म्हणालेला माणूस खरा निघाला होता. बाहेर जाऊन तोंड धुतलं, चहा केला आणि चार वाजायची वाट बघितली. अण्णांनी पट मांडल्यावर मी सगळ्या एकोणतीस चाली त्यांना करून दाखवल्या. घोडा किती वेळा तोंडापुढं येऊन उभा राहिला आणि प्रत्येक वेळी पांढऱ्यानं कशी बगल दिली, हे ते मान हलवत बघत होते. शेवटी दोऱ्याचं प्यादं एक घर सरकलं. मात.

“लई भारी,” अण्णा म्हणाले. आणि मग, “चाल कुणाची धरलीस पहिली?”

“तुमची. वह्यांत सगळीकडं तुमचीच आहे.”

“माझी न्हवती.”

मला काही समजेना. त्यांनी मोहऱ्या पुन्हा मूळ जागी लावल्या. “म्या चाल केली आन मग मात म्हनलो. म्हंजी चाल कुणाची? त्याची.” त्यांनी बूच उचललं आणि माझ्या समोर, राजाच्या कोपऱ्याजवळच्या घरात ठेवलं. शह. राजाला सरकायला जागा नाही, कारण भोवती त्याचाच हत्ती आणि त्याचीच प्यादी. उंटानं घोडा मारण्याशिवाय दुसरी चालच नाही. आणि मारला की काळ्याचा राजा एकटा. बुर्जी. एका चालीत डाव संपला असता, चाचा हसत उठले असते आणि त्यांना गाडी मिळाली असती.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“दुसऱ्या वर्षापासनं.”

“मग वह्या कशाला भरल्या?”

“मग काय करू?”

पटावरचं ते बूच बघत आम्ही दोघं बसलो. मग अण्णा बोलले, आणि तेव्हा कुठं मला कळलं की ते तीस वर्षं शोधत होते ते काय. मात खरी होती की खोटी, हे त्यांना कधीचंच ठाऊक होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की मास्टरला ती चाल दिसली होती का. दिसली नसेल, तर ते अण्णांच्या खोट्या मातेत अडकून राहिले आणि मेले. दिसली असेल आणि तरी केली नसेल, तर त्यांना गाडीला जायचंच नव्हतं. त्यांना मिरवणूक बघायची होती, सकाळी पुन्हा डाव मांडायचा होता. ते आपण होऊन राहिले होते.

“हे काय तुझ्या मशिनीत न्हाय निघायचं,” अण्णा म्हणाले.

मी म्हणाले, “दिसली होती त्यांना.”

अण्णांनी मान वर केली.

“मी बघितलं, अण्णा. चाचांनी घोडा उचलला. ह्या घरावर आणला. थोडा वेळ तसाच धरला आणि हसले. मग परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, जाऊ द्या गाडी.”

हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. अण्णांचा चेहरा मी वर्णन करू शकत नाही. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि दोनदा म्हणाले, “म्हंजी राह्यला तो. राह्यला.” मग पट आवरला. दुसऱ्या दिवशी चारला चहा झाला आणि त्यांनी पट मांडलाच नाही. ते चावडीपर्यंत फिरून आले. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, सुटलो आपण सगळे.

सुटलो नव्हतो. कारण आता मी मागं चालायला लागले होते. वर्गात फळ्यावर लिहिताना, जीपमध्ये, भाकरी थापताना मी पुन्हा पुन्हा तिथं जात होते. मी ओरडून मागं वळले, हे खरं. चाचांचा हात वर होता आणि हातात घोडा होता, हेही मला खरंच आठवतं, त्याचा तुटका कानसुद्धा आठवतो. पण तो हात कुठल्या घरावर होता? मी उंबऱ्यावर होते. चाचांची पाठ माझ्याकडं होती आणि पट त्यांच्या पाठीआड झाकलेला होता. मला पट दिसूच शकत नव्हता. ते हसले हे मी कुठून आणलं? शेवट आधी ठरवून मी तिथून मागं मागं आले होते आणि वाटेत लागेल तेवढं आठवलं होतं. मलाही धा-बारा चालीच दिसल्या होत्या. म्होरचं असंलच, असं वाटलं होतं. त्यांच्याच पोटची मी.

महिनाभर मी हे पोटात ठेवलं. एका संध्याकाळी आम्ही दारात बसलो होतो. रस्त्यावरून लोहाऱ्याची गाडी गेली. अण्णा तिच्याकडं बघत होते. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, “त्या दिशी तू कुठं बसली हुतीस गं?”

उंबऱ्यावर मला त्यांनीच बसवलं होतं. रस्त्याकडं बघत ऱ्हा, हे त्यांचेच शब्द. तीस वर्षं ज्या माणसानं त्या संध्याकाळचं एकेक घर पाठ केलं होतं, तो हे विसरेल कसा?

“तुमच्या मांडीवर, अण्णा,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलले असते तर माझं सगळं तिथंच कोसळलं असतं, आणि तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसत होता. मग त्यांनी नजर रस्त्याकडं वळवली.

“व्हय,” ते म्हणाले. “मांडीवरच हुतीस.”